ओरखड्याचं बटण

१९ सप्टेंबर १९३८, सोमवार. नंदुरबार

कापले. सगळे दोरे कापले तिने.

शाळा सुटल्यावर आमच्या शिंपीदुकानात गेले, तर आबांचं बटणांचं खोकं फळीवर नाही. रघूला विचारलं. माझा सख्खा धाकटा भाऊ, पण मान वर करेल तर शपथ. मशीन हाणत राहिला. तेवढ्यात त्याची बायको वेणू आतून हसत बाहेर आली, हातात चार पत्र्याचे डबे. "ताई, देखा कितलं मस्त लाई ठेवं! घट बसाना पहिले सगळं आवरी टाकं."

एका डब्यात शिंपल्याची बटणं. एकात शिंगाची. एकात काच आणि पितळ. चौथ्यात फुटकी, तडकलेली, ओरखडे पडलेली. प्रत्येक डब्यात लहान-मोठ्याचे कागदी पुडे वेगळे. दुकान म्हणून इतकं नीटनेटकं काम आबांनी सुद्धा केलं नसेल. मी बघतच राहिले.

"दोरे?"

"दोरा कुजी जायेल व्हता. टाकी नही दिधा मी, गोधडीमा लाई दिधा."

गोधडीत! शिंप्याच्या घरची सून, दोरा वाया घालवायचा नाही. मी काय बोलले ते लिहीत नाही. रस्त्यावरची माणसं थांबली होती एवढं खरं.

पितरांचा पंधरवडा चालू आहे, आणि हिने पितरांनाच झाडून डब्यात भरलं. आजपासून तिचं नाव पूर्ण लिहिणार नाही. वे. पुरे.


२० सप्टें., मंगळ.

रात्रीचा राग सकाळी उतरतो म्हणतात. कोण म्हणतं? उतरला नाही.

रघू मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी आला. समजूत घालायला. "ताई, बटनं तं आठेच, डबासमाच शेतस ना. एकबी कमी नही."

त्याला उभं करून विचारलं, बटणं म्हणजे काय रे? आबांकडे लोक काय बटणं ठेवायला यायचे? माणूस गेला की त्याचे कपडे देऊन टाकतात. देण्याआधी घरची बाई त्यातली बटणं कापून आबांकडे आणायची. घरात ठेवायची नाहीत आणि टाकवतही नाहीत. आबा ती ओवायचे. दोऱ्याचा रंग म्हणजे गाव, गाठी म्हणजे घर. तांबडा दोरा धानोरा. तीन गाठी म्हणजे तिसरं घर. आणि त्या घरात नातू आला की त्याच्या बारशाच्या आंगड्याला आजाचं एक बटण लागायचं. आबा स्वतः लावायचे, तेवढ्यासाठी चष्मा पुसून घ्यायचे. साठ-सत्तर दोरे होते. मेलेली साठ-सत्तर माणसं, प्रत्येक आपल्या जागी ओवलेलं. आता शिंपल्याची एका डब्यात, शिंगाची एका डब्यात. पाटील, माळी, तेली, सगळे एकात.

रघू म्हणाला, "कोनी इना तं त्यामातलं एखादं दी दे. कोनले कळस?"

कोणाला कळतंय! आबांच्या मुलाच्या तोंडचं हे वाक्य. मी वर्गात निघून गेले.

तिसरीतली एक मुलगी परकरावरच्या चोळीला टाचणी लावून आली होती. तिच्यावर ओरडले. ती रडायला लागली. हे.बा. (आमच्या हेडमास्तरीणबाई) म्हणाल्या, गोदावरीबाई, आवाज खाली. मग त्याच मुलीला जवळ बसवून बटण लावून दिलं. सुई माझ्याच बोटात गेली.


२१ सप्टें.

चारही डबे माझ्या खोलीवर आणले. वे. म्हणाली, "आते तुमनं तुम्हीच पाहा." म्हणजे रुसली! करून सवरून तीच रुसली.

मला बाकीचं नंतर. मला आधी एकच बटण शोधायचं आहे.

काळा दोरा, एक गाठ. आमचा दोरा. त्यावर पाच शिंगाची बटणं होती, लग्नातल्या बंद गळ्याच्या कोटाची. लढाईची वर्षं, बाहेरून माल येत नव्हता, म्हणून आबांनी म्हशीच्या शिंगाची बटणं घरीच कापली होती. जावयाच्या कोटाला घरची बटणं, म्हणून गावात केवढा तोरा. पुढच्याच वर्षी मानमोडीचा ताप त्यांना घेऊन गेला. कोट ज्याला द्यायचा त्याला दिला. बटणं आबांनी माझ्यासमोर ओवली.

त्या पाचातलं एक मी ओळखते. सासरी असताना ते सैल झालं होतं. मी पंधरा वर्षांची. शिंप्याची लेक, म्हणून ऐटीत कोट मांडीवर घेतला, आणि जुना दोरा कापताना कात्री घसरली. भोकापासून कडेपर्यंत ओरखडा. सासू म्हणाली, बापाने काय हजामत शिकवली का? ते ओट्यावर बसले होते. म्हणाले, राहू दे, ओळख राहील.

आठ महिन्यांच्या संसारात माझ्या बाजूने बोललेलं त्यांचं ते एक वाक्य. बाकी जे बोलले ते आईच्या बाजूने, नाहीतर जेवणाबद्दल.

शिंगाच्या डब्यात दोनशेच्या वर बटणं आहेत. आज साठ पाहिली. नाही.


२२ सप्टें., गुरु.

आणखी ऐंशी. नाही.

डोळे दुखतात. शिंग काळं, ओरखडा काळा, उजेडात तिरपं धरल्याशिवाय दिसत नाही.

आज वे.वर रागवायला गेले आणि मधेच दुसरं आठवलं. माघात आबा अंथरुणाला खिळले तेव्हा रोज म्हणायचे, "गोदू, तू शिकेल शे. वही लई ये. मी सांगस, तू लिख. कोनता दोरा कोना." मी म्हणायचे, आबा, मुलींची परीक्षा होऊ दे, सुट्टीत लिहू. दोरे कुठे पळून जातायत? सुट्टी लागली तेव्हा आबा नव्हते.

जाताना वाटणी तोंडी केली, चार माणसांत. मशीन रघूचं, खोकं गोदूचं. रघूला वाटलं ताईच्या पदरात कचरा पडला. मी रडले होते आनंदाने. आणि इतकं मोलाचं तर घरी आणायचं ना? नाही आणलं. म्हटलं लोक दुकानात येतात, खोकं दुकानात शोभतं. शोभतं!

शंभर मुलींना अक्षर शिकवलं मी. एक वही लिहवली नाही. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, त्यातली आंधळी मीच.


२५ सप्टें., रविवार

काल घट बसले. आज दिवसभर डबा घेऊन दारात बसले. शिंगाची सगळी पाहून झाली. नाही म्हणजे नाही. पुन्हा पहिल्यापासून. नाही.

मग डोकं फिरलं आणि वे.च्या दारात गेले. एक बटण कमी आहे, कुठे गेलं? केर काढताना टाकलंस? की कोणाच्या सदऱ्याला लावलंस? ती चुलीपुढून उठलीच नाही. म्हणाली, "मी चोर शे का?" पीठ मळता मळता रडली. रघू बाहेर येऊन म्हणाला, "ताई, आते बस झाई."

परत येताना कळत होतं की चुकलं. त्याने राग कमी झाला नाही, उलट वाढला. चूक तिची आणि अपराधी मी.


२७ सप्टें., मंगळ.

लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते.

दुपारी रघूने शाळेत निरोप पाठवला, डबे घेऊन ये, धानोऱ्याची मोठी माय आली आहे. गेले. तांबडा दोरा, तीन गाठी. दोन वर्षांपूर्वी तिचा म्हातारा गेला, तेव्हा तिने बटणं आबांच्या हातात दिली ती मी पाहिली आहेत. आता डोळ्यांत फुलं पडली आहेत. नातीच्या खांद्यावर हात ठेवून आली होती.

"पोरी, मन्हा घर नातू उना. बारसं रविवारे शे. त्यासनं बटन दे."

रघूने माझ्याकडे पाहून डोळ्याने खुणावलं. दे कोणतंही. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. म्हाताऱ्या बाईला सरळ सांगितलं, दोरे तुटले, सगळं एकत्र झालं, मला ओळखता येत नाही. वे. दाराआड उभी होती. तिचं नाव घेतलं नाही मी, एवढं तरी केलं.

म्हातारी रागावली नाही. म्हणाली, "आण मन्हापुढे. डोळासना भरोसा नही, पन बोटे शाबूत शेतस."

शिंगाचा डबा दिला. चाचपून बाजूला सारला. पितळेचा, शिंपल्याचा, तेही सारले. मग फुटक्यांचा डबा ओढला. तो मी उघडलाच नव्हता! चार डब्यांत तो एक. ओरखडा असलेलं बटण वे. चांगल्यात कशाला घालेल? तिने फुटक्यातच घातलं असणार, हे मला आठ दिवसांत सुचलं नाही.

तिचा हात आत गेला, दोन घटका फिरला, आणि एक बटण चिमटीत धरून वर आला. "हाई! हाईच शे. कोयता लागना व्हता, त्याना वरखडा. मन्हासमोर लागना व्हता."

मी पाहिलं. शिंगाचं. भोकापासून कडेपर्यंत ओरखडा.

माझं.

मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं. ओढून! सत्तरीची आंधळी बाई. नाही, म्हणाले, हे माझ्या माणसाचं आहे, ओरखडा माझ्या कात्रीचा आहे.

ती तशीच हात पुढे करून बसली होती. मग हात आवरला. नातीला म्हणाली, चल. उठता उठता मला म्हणाली, "ठेव बाई. तुलेच जास्त गरज दिखस."

गरज!


२८ सप्टें.

पदराच्या गाठीत आहे. दर घटकेला चाचपते.

गरज म्हणे. चाळीस-पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईने आठ महिनेवालीला भीक घालावी तसं. मी नोकरी करते, माझं मी खाते, कुणापुढे हात पसरला नाही. मला गरज?

आणि कोयता कोटाला लागतो कसा? कोट घालून कोण ऊस तोडतं? खोटं. म्हातारपणी माणसाला काहीही आठवतं.

मुलींना बेरजा घातल्या आणि तपासल्याच नाहीत.


२९ सप्टें., गुरु.

रघू खोलीवर आला. बसला नाही. म्हणाला, ते घर आपल्या आजापासूनचं गिऱ्हाईक, आंगडं शिवून तयार आहे, फक्त बटण राहिलंय. रविवारी बारसं. जा आणि दे, आणि पाया पड.

मी म्हटलं, मरेन पण देणार नाही. तू तुझ्या बायकोला सांग पाया पडायला.

"तिनी काय कयं? घर साफ कयं!"

मी म्हटलं, हो, केलं ना साफ. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, वर त्याला शेंदूर तू फासतोस.

शेजारच्या खोलीतल्या बाई भिंतीला कान लावून होत्या. असू देत.


३० सप्टें., शुक्र.

आज दुकानासमोरून जात होते. जायचं नव्हतं, वाट तीच. रघूने हाक मारली. म्हणाला, ते बटण दाखव. मी लांबूनच दाखवलं. त्याने पाहिलं आणि हसला. हसला तो!

"ताई, आखो बटनेसले तोच वरखडा व्हता. करवतना एक दात वाकडा व्हता. मी शिंग धरू नी आबा कापे. पहिली चारदोन बटनं अशीच निंघनी, मंग आबानी दात सरळ कया. तू घरमा लगीनना लाडू वळी ऱ्हायंती, तुले काय माहीत?"

मी म्हटलं, खोटं बोलतोस. दहा वर्षांचं पोरगं होतास तेव्हा, तुला काय आठवतंय. मला कात्री आठवते. मांडी आठवते. सासूची शिवी शब्दाला शब्द आठवते.

तो म्हणाला, कात्री घसरली असेल. ओरखडा आधीचाच असेल. तू त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलास.

तळपायाची आग मस्तकात गेली. हे सांगायला वीस वर्षं थांबला? मुद्दाम आज? म्हणाला, "तू कधी इचारं?" शांतपणे. काज करत होता, सुई सुद्धा थांबवली नाही.


१ ऑक्टो., शनि.

सकाळची शाळा. घरी आल्यावर फुटक्यांचा डबा पालथा केला.

एक. आणखी एक. आणि तिसरं, कडेला टवका उडालेलं. तिन्हींना तोच ओरखडा. भोकापासून कडेपर्यंत, त्याच तिरक्याने. माझं पदरातलं त्यांच्याशेजारी ठेवलं. टवक्याचं सोडून बाकीची डोळे मिटून हलवली आणि डोळे उघडले, कोणतं कोणतं कळेना. नखाने पाहिलं, जिभेने पाहिलं. शिक्षिका आहे मी, दारात बसून बटणं चाटत होते.

एक धानोऱ्याचं असेल. एक माझं असेल. उरलेली दोन कोणाची, देव जाणे. आणि त्यातही म्हातारीचं नेमकं कोणतं आणि माझं कोणतं?

म्हणजे त्यांनी राहू दे, ओळख राहील म्हटलं ते आबांच्या करवतीला? वीस वर्षं मी करवतीचा दात उराशी धरून बसले?

आबा, तुमचाही राग येतो. घाईत कापलीत, फुटकी म्हणून टाकून का नाही दिलीत? जावयाच्या कोटाला लावलीत! वर मिरवलंत! चांगली बटणं गिऱ्हाइकांना आणि वाकड्या दाताची घरच्यांना, हीच तुमची रीत. नाही, धानोऱ्याला पण लावलंत. तेव्हा सगळ्यांनाच.

संध्याकाळी वे. आली. एकटी. दारातच उभी. तिच्या हातात तांबड्या दोऱ्याचा एक गुंता. गोधडी उसवली म्हणाली. दोन दिवस उसवत होती. "गाठी सुटी गयात, पन रंग शे." मी घेतला. बस म्हटलं नाही. बसली नाही. जाताना वेणू म्हणाली, "आंगडं मी शिवं शे. तुम्ही लई जाशात का?"

आंगडं ठेवून गेली. टाके बारीक, एकसारखे. शिवण चांगली आहे तिची. हे मी तिला सांगणार नाही.


२ ऑक्टो., रवि. धानोरा. (पेन्सिलीने, शाळेच्या वहीच्या पाठीवर)

बाजारच्या बैलगाडीत बसून आले. वाटेत तीन वेळा परत फिरावंसं वाटलं. गाडीवानाला सांगितलं असतं तर तो वेडी म्हणाला असता, म्हणून आले.

अंगणात बायकांची गर्दी. पाळणा समोरच्या ओसरीत. सुनेने मला पाहिलं, कपाळाकडे पाहिलं, आणि गोड बोलून घरामागच्या पडवीत आणून बसवलं, कणग्यांपाशी. तिथे मोठी माय आधीच बसलेली! जिचा नातू, जिच्या माणसाचं नाव पोराला ठेवायचं, तिला पाळण्यापाशी जागा नाही. विधवेची सावली नको. दोघी मागे, धान्याबरोबर. मी उठून जाऊन त्या बायकांना दोन शब्द सुनावणार होते. म्हातारीने मनगट धरलं. पकड अजून घट्ट आहे.

माफी मागायची ठरवली होती. ती तोंडातून येईना. नुसती चार बटणं तिच्या हातात ठेवली आणि करवतीचं सांगितलं. सगळं.

तिने एकेक बोटांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. ओठ हलत होते. मग जी भडकली! "शिंपडानी फसाडं माले! मी त्यासले दोन दिन जेवाले नही दिधं व्हतं, नवा कोटले कोयता लावा म्हनीसन! ते बिचारा सांगेत, मी नही लावा, मी नही लावा..." आणि मग बटणं मुठीत आवळली. चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं.

तिच्यावर रागावून आलेली मी. ती आता आबांवर रागावलेली, आणि मला आबांची बाजू घ्यावीशी वाटायला लागली. म्हटलं, मोठी माय, करवत जुनी होती. म्हणाली, "तू गप ऱ्हाय."

मग तिनेच विचारलं, "तुन्हा धनीनं नाव काय व्हतं?"

वीस वर्षांत कोणी विचारलं नाही. हे सुद्धा विचारायची ही वेळ आहे का? नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं हे हिला माहीत नाही? तिनेही जन्मात घेतलं नसेल. आज तिचा नातू त्या नावाने हाक मारला जाणार आणि ती इथे मागे बसून ऐकणार, तोंडाने काढणार नाही. मी आंगड्याची घडी उलगडली. पण तोंडापर्यंत आलं होतं ते. अक्षरं तीनच आहेत.

मी म्हटलं, चारी लावू या का? म्हणाली, "पोरगाले टोचतीन. नी त्यामातला दोन तं भलतासनाच शेतस. परका मानसं कसाले घरमा लेऊ?"

बरोबर आहे. रघूसारखं बोलले मी.

पुढे बायकांनी गाणं सुरू केलं आहे. आंगडं माझ्या मांडीवर. वेणूने दिलेल्या गुंत्यातून तांबडा दोरा काढून सुई ओवली. म्हातारीने चारही बटणं तळहातावर मांडली आणि हात माझ्यापुढे केला, त्या दिवशी दुकानात केला होता तसा.

"पहिले तू तुन्हं काढी ले. मंग मी मन्हं लिसू."

मी म्हटलं, पण मला कळत नाही कोणतं ते.

"माले तरी कोठे कळस? तू लहान शे. पहिले तू ले."

मला राग आला. इतका की डोळ्यांना धार लागली. मी हिसकावून घेतलं तेव्हा हिने शिव्या दिल्या असत्या तर सोपं होतं. आता हात पुढे करून बसली आहे, आणि मी वही काढून लिहीत बसले आहे, घ्यायला नको म्हणून.

पुढून सुनेची हाक आली, "आंगडं लई या वं! टाईम व्हई गया!"

"काय लिखी ऱ्हायनी तू?" म्हातारी म्हणते. "मन्हा हात दुखाले लागना."